हाडांच्या ठिसूळपणाचे निदान झाल्यानंतर: औषध आणि राहणीमान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव, नांदेड या भागांतून आमच्याकडे येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी किंवा सून असते आणि प्रश्न आईचा किंवा सासूबाईंचा असतो. येथील उत्तरे वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू किंवा बंद करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे हे ठरवण्यासाठी ती वापरावीत.

१. अहवालात टी-स्कोअर उणे २.७ आला आहे. याचा अर्थ काय?

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडांच्या घनतेची निरोगी तरुण स्त्रीच्या घनतेशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेल्या व्याख्येनुसार उणे १ पर्यंतची घनता सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांच्या मधली कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखालील घनता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा. मात्र उभ्या उंचीवरून पडून किंवा साध्या धक्क्याने खुब्याचे अथवा मणक्याचे हाड मोडले असेल, तर टी-स्कोअर कितीही असला तरी निदान ठिसूळपणाचेच होते. आकडा बरा आहे म्हणून मोडलेल्या हाडाकडे काणाडोळा करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

२. आईचे गुडघे झिजले आहेत, मणक्यात गॅप आहे. तोच हा आजार का?

नाही. गुडघ्याची झीज हा सांध्यातील कूर्चेचा आजार आहे आणि तो दुखतो. बोलीत ज्याला गॅप म्हणतात तो बहुधा मणक्यांमधील चकतीचा किंवा नसेवरील दाबाचा प्रकार असतो. ठिसूळपणा हाड मोडेपर्यंत दुखत नाही. दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असू शकतात, परंतु एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

३. गावातील मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून 'हाडे ठिसूळ' असे लिहून दिले. लगेच औषध घ्यावे का?

टाचेची चाचणी ध्वनिलहरींवर चालते. तिने पुढील तपासणीची गरज आहे की नाही एवढे सुचते, निदान होत नाही. औषधाचा निर्णय कंबर आणि खुबा यांच्या डेक्सा चाचणीवर (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी चाचणी) घ्यावा. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागले तरी तो खर्च वाया जात नाही.

४. काहीच दुखत नाही. आहार आणि व्यायाम पुरेसा नाही का? औषध घ्यायलाच हवे का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर धोका किती आहे यावर अवलंबून आहे. घनता कमी असली तरी उणे २.५ च्या वर आहे, आजवर हाड मोडलेले नाही, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला नाही, स्टिरॉइड किंवा तंबाखू नाही, अशा पंचावन्न वर्षांच्या स्त्रीला आहार, व्यायाम आणि दोन वर्षांनी पुन्हा चाचणी एवढ्यावर थांबता येते. डॉक्टर अशा वेळी 'फ्रॅक्स' ही गणकपद्धती वापरतात. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठातून ती २००८ मध्ये पुढे आली, आणि पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के आहे हे ती सांगते.

याउलट खुबा किंवा मणका एकदा मोडला असेल, अथवा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल, तर केवळ दूध आणि चालणे यांच्या भरवशावर राहणे माझ्या मते जोखमीचे आहे. कॅल्शियम म्हणजे विटा. हाड खरवडणाऱ्या पेशींचा वेग कमी करण्याचे काम विटांकडून होत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झोलेड्रॉनिक अॅसिडच्या मोठ्या अभ्यासात सर्व स्त्रियांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेले होते. तरीही तीन वर्षांत ज्यांना औषधाऐवजी नुसते सलाइन मिळाले त्यांच्यापैकी शंभरात सुमारे अकरा जणींचा मणका नव्याने मोडला, आणि औषध मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे तिघींचा. खुब्याच्या बाबतीत हेच आकडे २.५ आणि १.४ टक्के होते.

काही दुखत नाही, यावरही फार विसंबू नये. मणक्याचे अनेक अस्थिभंग गाजावाजा न करता होतात. घरच्यांच्या लक्षात येते ते वेगळेच: लुगडे तेच, नेसण तीच, पण समोरच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागतात आणि म्हातारी पायात अडखळू लागते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा अधिक घटली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा.

५. औषधे कोणकोणती आहेत आणि निवड कशी करावी?

पहिल्या फळीत बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे येतात: अॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम किंवा रायसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, आयबँड्रोनेट १५० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा, आणि झोलेड्रॉनिक अॅसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेवाटे, किमान पंधरा मिनिटे सावकाश. आयबँड्रोनेटचा खुब्याच्या बाबतीतील पुरावा इतरांच्या मानाने कच्चा आहे. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडवणारे औषध रोज २० मायक्रोग्रॅम, स्वतःच टोचून, जास्तीत जास्त दोन वर्षे घ्यायचे असते. ते बहुधा एकाहून अधिक मणके मोडलेल्यांसाठी राखून ठेवतात. रोमोसोझुमॅब दरमहा, एक वर्ष; पण मागील वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असल्यास ते देत नाहीत. रॅलॉक्सिफीनमुळे मणक्याला आधार मिळतो, खुब्याला तसा मिळाल्याचे दिसलेले नाही, आणि शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

'कोणते सर्वांत जोरदार' असे विचारण्याआधी 'कोणते आपल्याकडून पाच वर्षे खंड न पडता चालेल' हे विचारावे. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबासह ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिन्यांनी परतणाऱ्या बाईसाठी सहामाही इंजेक्शन ही चुकीची निवड ठरते, कारण त्याची तारीख फडात असताना येते आणि चुकली तर नुकसान होते (प्रश्न ८ पाहा). तिच्यासाठी वर्षातून एकदाचे सलाइन (म्हणजे झोलेड्रॉनिक अॅसिड) सोयीचे. फक्त ते निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये. पहिल्या वेळी अनेकांना एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, ती पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यांनी शमते. टेरिपॅराटाइडचे पेन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे फ्रिजचा भरवसा आधी तपासावा. आणि ज्या घरात आजी एकटीच आहे, वाचता येत नाही, तिच्या आठवडी गोळीची आठवण कोण करून देणार हेही ठरवूनच चिठ्ठी लिहून घ्यावी.

६. आठवड्याची गोळी नेमकी कशी घ्यायची?

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. ही अट आपल्याकडे सर्वांत जड जाते, पण चहा किंवा दुधासोबत घेतलेली गोळी जवळजवळ शोषलीच जात नाही. पूर्ण पेलाभर साध्या पाण्यासोबत, न चावता गिळावी. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याऐवजी फिल्टरचे पाणी घ्यावे. त्यानंतर अर्धा तास (आयबँड्रोनेट असल्यास एक तास) काही खाऊ-पिऊ नये आणि आडवे होऊ नये, नाही तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी दुपारच्या जेवणासोबत घ्यावी.

वार लक्षात राहत नसेल तर गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरावा; तो कोणी विसरत नाही. गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा ठरलेला वार धरावा. एका दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. गिळताना छातीत दुखले किंवा जळजळ सुरू झाली, तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे. ज्यांना अर्धा तास ताठ बसता येत नाही किंवा अन्ननलिकेचा आजार आहे, त्यांनी गोळीच्या वाटेला जाऊ नये.

७. या औषधांनी जबड्याचे हाड सडते आणि मांडी मोडते, असे व्हॉट्सअॅपवर वाचले. खरे आहे का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही दुर्मीळ आहेत. जबड्याच्या हाडाचा त्रास ठिसूळपणासाठीच्या मात्रेत वर्षाला दहा हजार ते एक लाख रुग्णांमागे एकाला, असा अंदाज आहे. ज्या बातम्या फिरतात त्यांतील बहुतेक रुग्ण कर्करोगासाठी हेच औषध कितीतरी अधिक मात्रेत घेणारे असतात. तरीही मिसरी लावणाऱ्या आणि हिरड्या खराब असलेल्या स्त्रियांनी सलाइन घेण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाऊन काढायचे दात काढून घ्यावेत. औषध चालू असताना दात काढावा लागला, तर दंतवैद्याला औषधाचे नाव आणि शेवटच्या मात्रेची तारीख सांगावी.

मांडीच्या हाडाचा विशिष्ट अस्थिभंग प्रामुख्याने अनेक वर्षे औषध घेणाऱ्यांत आढळतो आणि तो बहुधा आधी सूचना देतो: मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे राहणारे बोथट दुखणे. असे दुखू लागल्यास दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा.

८. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दोन महिने उशिरा झाले तर काय बिघडते?

बरेच बिघडू शकते. या औषधाचा परिणाम ओसरला की हाडांची झीज उसळी घेते, आणि काहींचे एकामागून एक मणके मोडतात. ठरलेल्या तारखेपासून महिनाभराहून अधिक उशीर होऊ देऊ नये. ते बंद करायचेच असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध, बहुधा झोलेड्रॉनिक अॅसिड, देऊन मगच बंद करतात. 'पैसे संपले म्हणून सोडले' असे सांगणारे रुग्ण पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुढची तारीख आणि पुढचा खर्च यांची खात्री नसेल तर हे औषध सुरू करू नये.

९. औषध आयुष्यभर घ्यावे लागते का? वर्षभराने आकडा वाढलाच नाही तर?

बिस्फॉस्फोनेट हाडात साठून राहते, म्हणून गोळ्या पाच वर्षे किंवा सलाइन तीन वर्षे झाल्यावर फेरविचार करतात. धोका मध्यम असेल तर काही काळ विश्रांती देता येते. मणका किंवा खुबा मोडलेल्यांत औषध पुढे चालू ठेवतात. ही विश्रांती डेनोसुमॅबला लागू नाही. टेरिपॅराटाइडनंतर तर हाड टिकवणारे दुसरे औषध लगेच सुरू करावेच लागते, अन्यथा कमावलेले हाड गळून जाते.

आकडा स्थिर राहिला तर औषध लागू पडले असेच समजतात. फेरचाचणी एक-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी.

१०. कॅल्शियम किती लागते? आम्ही रोज ज्वारीची भाकरी खातो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम. ज्वारी उत्तम धान्य आहे, पण तिच्या शंभर ग्रॅम पिठात कॅल्शियम तीसच्या आतबाहेर असते. दिवसभराच्या भाकऱ्यांतून फार तर ५०-६० मिलिग्रॅम मिळतात. सर्वत्र सांगितली जाणारी नाचणी (शंभर ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास) ही कोकण आणि घाटाकडची सवय आहे. आपल्याकडे ती दुकानातून आणावी लागते. त्यापेक्षा आपल्याच ताटातील बघावे. पेलाभर (२०० मिलिलिटर) दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतात. मोठा चमचाभर तिळाची चटणी शंभरच्या पुढे नेते. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची भाजी भरपूर देतात. पालकातले कॅल्शियम ऑक्सॅलेटमुळे अंगी लागत नाही. वेळ अमावस्येला शेतात आंबील जितक्या आवडीने पितो तितक्या आवडीने रोज ताक प्यावे, पण पाणी घालून पातळ केलेल्या ताकात दुधाइतके कॅल्शियम नसते, हे हिशेबात धरावे.

एवढे करून जी तूट उरते तेवढीच गोळीने भरावी. डबी हातात घेऊन पाहा: समोर मोठ्या अक्षरांत १२५० छापलेले असते आणि मागे बारीक अक्षरांत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. पहिला आकडा कॅल्शियम कार्बोनेटचा, दुसरा खऱ्या कॅल्शियमचा. हिशेब दुसऱ्याचा करायचा. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

११. मला मुतखडा झाला होता. दूध आणि कॅल्शियम बंद करू का?

दूध बंद करू नका. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते कमी केल्यास उलट खड्यांची शक्यता वाढते. गोळी घ्यायची झाल्यास जेवणासोबत, आणि शक्यतो सायट्रेट प्रकारची घ्यावी. उन्हाळ्यात पाणी वाढवावे.

१२. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाल्ला तर गोळ्या सुटतात, असे सांगतात.

खाऊ नका. खायचा चुना हा दाहक क्षार आहे. त्याने तोंड, अन्ननलिका आणि जठर यांना इजा होते, आणि दाण्याएवढ्या चुन्यात कॅल्शियमही नगण्य असते. तंबाखूसोबत मळलेल्या चुन्याचा तर प्रश्नच नाही, कारण तंबाखू स्वतःच हाड पोखरते. प्रवाळ पिष्टी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते. हाडजोडीसारख्या वनौषधींनी अस्थिभंग टळतात असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. त्या घ्यायच्या असल्यास डॉक्टरांना सांगून घ्याव्यात, औषधाच्या जागी घेऊ नयेत. हाडवैद्याकडून पाठ चोळून किंवा दाबून घेणे मात्र पूर्णपणे टाळावे.

१३. दिवसभर शेतात उन्हात असूनही ड जीवनसत्त्व कमी कसे?

डोक्यावर पदर, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर रुमाल. ऊन कातडीला लागतच नाही. त्यात वय वाढले की कातडीची ते तयार करण्याची क्षमता घटते. कोवळ्या उन्हात आवश्यक किरण फारसे नसतात. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटे बसावे. एप्रिल-मे महिन्यांत साडेनऊ-दहाचेच ऊन पुरते, दुपारचे ऊन जिवावर बेतते. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक, अशी देतात आणि नंतर महिन्याला एक. ती वर्षानुवर्षे दर आठवड्याला घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

१४. शेतात राबते, पाणी वाहते. वेगळा व्यायाम कशाला?

खुरपणी म्हणजे तासन्‌तास कमरेतून वाकणे, आणि ठिसूळ मणक्याला नेमके तेच घातक. वाकून ओझे उचलणे, डोक्यावर भरलेली घागर, भुईवरून पोते ओढणे ही कामे दुसऱ्यांवर सोपवावीत. खुरपणी करायचीच तर बसून, पाठ सरळ ठेवून करावी. योगासनांपैकी पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातील वाकण्याच्या स्थिती वगळाव्यात. उपयोगी पडते ते असे: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, पालथे झोपून छाती किंचित उचलणे. चालण्याने घनता फारशी वाढत नाही, परंतु तोल आणि पायांतील बळ टिकते. वारीला जाऊ का, असे आषाढाच्या आधी हमखास विचारतात. नव्याने मणका मोडलेला नसेल आणि रोज चालण्याची सवय असेल तर जावे. पिशवी मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावी.

१५. घरात पडू नये म्हणून काय करावे?

शेवाळलेल्या शहाबादी फरशीची न्हाणी घासून तेथे खडबडीत चटई टाकावी आणि भिंतीला पकडायला नळी बसवून घ्यावी. उंबरठ्याला उजळ रंग द्यावा. रात्री बाहेर जावे लागत असेल तर बॅटरी उशाशी ठेवावी. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारावे. मोतीबिंदू काढून घ्यावा. औषधाइतकेच मोल मी या उत्तराला देतो, कारण खुबा जवळजवळ नेहमी पडल्यावरच मोडतो.

१६. अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली. मला वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

होय. बीड जिल्ह्यात हा प्रश्न किती मोठा आहे हे २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालातून दिसले: माहिती घेतलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याची अवस्था त्याच दिवशी येते आणि हाडांचे संरक्षण करणारे इस्ट्रोजेन थांबते. बीजकोश ठेवले असले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेचा कागद शोधून 'बीजकोश काढले की ठेवले' एवढे आधी पाहावे. पंचेचाळिशीच्या आत इस्ट्रोजेन थांबलेल्या स्त्रीला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी असा इतिहास नसल्यास, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देणे हा बहुधा योग्य पहिला उपाय असतो. गर्भाशय नसल्याने नुसते इस्ट्रोजेन पुरते. हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञाकडे स्वतःहून काढावा. डबीभर कॅल्शियम देऊन तो संपत नाही.

१७. घनता तर चांगली आली, तरी हाड मोडले. असे कसे?

तीन शक्यता तपासाव्यात. पहिली, पाण्यातील फ्लोराइड. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरमध्ये ते जास्त असते. फ्लोराइड हाडात बसल्याने डेक्साचा आकडा फुगतो, हाड मात्र कच्चेच राहते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. पाणी उकळून ते जात नाही. घरातील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असतील तर पाणी तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. दुसरी, मधुमेह, त्यात बऱ्या आकड्यावरही हाडे मोडतात. तिसरी, उतारवयात कमरेच्या मणक्यांवर वाढलेली हाडे. त्यांच्यामुळेही आकडा खोटा वाढतो, म्हणून खुब्याचा आकडा ग्राह्य धरावा.

१८. सांधेदुखीसाठी बिननावाची पुडी घेते. शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले आहे.

दोन दिवसांत दुखणे पळवणाऱ्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलेले स्टिरॉइड हाडे झपाट्याने झिजवते. पण ती पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे, म्हणून डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी. मूत्रपिंडाची गाळणक्षमता (अहवालातील ईजीएफआर) ३५ च्या खाली असल्यास बिस्फॉस्फोनेट टाळतात. तेव्हा डेनोसुमॅबचा विचार होतो, मात्र आजार पुढच्या टप्प्यातला असेल, विशेषतः डायलिसिस चालू असेल, तर त्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये तसा ठळक इशारा दिला आहे. हा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञाशिवाय घेऊ नये.

१९. वडिलांना हा आजार होऊ शकतो का?

होतो, आणि उशिरा कळतो. बिडी, दारू, स्टिरॉइड, प्रोस्टेट कर्करोगाचे हार्मोन उपचार ही त्यांच्यातील ठळक कारणे आहेत. औषधे बहुतांशी तीच, रॅलॉक्सिफीन सोडून.

२०. आजी ऐंशी वर्षांच्या आहेत, खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आता या वयात औषधाचा काय उपयोग?

याच वयात उपयोग सर्वांत लवकर दिसतो, कारण दुसरा खुबा मोडण्याचा धोका याच काळात मोठा असतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिड देऊन केलेल्या अभ्यासात नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले होते. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, तोवर ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

माझ्यासमोर येणाऱ्या डिस्चार्ज कार्डांवर प्लेटचा किंवा बसवलेल्या सांध्याचा क्रमांक असतो, प्रतिजैविके असतात, टाके काढण्याची तारीख असते. हाडाच्या औषधाची ओळ बहुधा नसते. टाके काढायला जाल तेव्हा ते कार्ड सोबत न्यावे आणि ती ओळ लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नये.